यंदा मांडवात ऑल ब्लॅक्स : देखावा समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व देखावा समितीचे सर्व सन्माननीय सभासद,
आमच्या विभागाचे सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, परळ, मुंबई.

स. न. वि. वि.

यंदाच्या देखाव्यासाठी रहिवाशांनी विषय सुचवावेत, ही मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना वाचली. तिच्याखाली आतापर्यंत चांद्रयान, मेट्रो, पाणी वाचवा आणि वेगळ्या अक्षरात पुन्हा एकदा चांद्रयान असे विषय आले आहेत. त्या सर्वांविषयी पूर्ण आदर बाळगून मी समितीपुढे न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा, म्हणजे ऑल ब्लॅक्सच्या आख्यायिका होऊन बसलेल्या खेळाडूंचा विषय ठेवू इच्छितो. हे पत्र बंद पाकिटात न देता खुले लिहिण्याचे कारण असे की, मागच्या बैठकीत मी हा विषय तोंडी काढला तेव्हा प्रथम हशा झाला, मग चहा आला आणि इतिवृत्तात त्याची नोंद ‘इतर किरकोळ’ या सदरात झाली.

‘हा खेळ आपला नव्हे’ हा पहिला आक्षेप मला पाठ आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे दोन संघ 1879 पासून ज्या करंडकासाठी एकमेकांशी झुंजत आले आहेत, तो कलकत्त्याच्या एका रग्बी फुटबॉल क्लबाने, क्लब बंद करायची वेळ आल्यावर, बँकेतील शिलकीचे चांदीचे रुपये काढून ते वितळवून घडवून घेतला होता. शिल्लक रकमेची इतकी देखणी विल्हेवाट आपल्या खजिनदारांनाही अद्याप सुचलेली नाही. त्या करंडकाच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. ज्या खेळाच्या सर्वांत जुन्या करंडकांपैकी एकावर हत्ती विराजमान आहे, त्याला गणेशोत्सवात परका म्हणणे मला तरी जड जाते.

शिवाय एवढ्या लांब जाण्याचीही गरज नाही. बॉम्बे जिमखान्याच्या ज्या मैदानावर 1933 साली भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामना झाला, त्याच मैदानावर पावसाळ्यात रग्बी खेळली जाते. फोर्टातले ऑफिस सुटल्यावर व्हीटीच्या दिशेने जाताना मी कुंपणाशी थांबून ती पाहत आलो आहे. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून वाकतात, पंच इशारा देतो आणि सोळा जण एकमेकांत घुसतात. त्याला स्क्रम म्हणतात. भर पावसात त्यांच्या पाठींवरून वाफ उठत असते, आणि धडक बसते त्या क्षणी असा काही आवाज होतो की कुंपणाबाहेरचा भेळवाला, रोज ऐकत असूनही, कांदा चिरता चिरता हात थांबवतो. 2025 च्या जूनमध्ये तर अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगही झाली. तेव्हा खेळ मुंबईत आहेच. मांडवात तेवढा यायचा राहिला आहे.

नियमांचे फलक लावून भाविकांना छळू नये, असे माझे मत आहे. चेंडू पुढे न्यायचा, पण हाताने फेकायचा तो मागेच. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की ट्राय होतो, त्याचे आज पाच गुण मिळतात. बाकी लाथेचे दोन-तीन गुण असतात. इतके निवेदनात पुरे. पुढे जाण्यासाठी प्रत्येक गोष्ट आधी मागे पाठवावी लागते, हे तत्त्व आपल्या कार्यकारिणीला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा आक्षेप महिला समितीकडून आला आहे आणि तो गंभीर आहे : सणासुदीला मांडवात सगळी माणसे काळ्या कपड्यांत कशी चालतील? या संघाची जर्सी काळी, विजार काळी, मोजे काळे. छातीवर तेवढे नेच्याचे रुपेरी पान. माझे म्हणणे असे की, संक्रांतीला आपण हौसेने काळे नेसतो आणि पंढरपूरचा पांडुरंग तर नखशिखांत काळा आहे. तरीही कुणाला शंका असेल तर मूर्तीच्या मागचा पडदा भगवा ठेवून तोल साधता येईल.

आता प्रवेशांकडे वळतो.

पडदा हाकाने उघडावा. सामन्यापूर्वी हा संघ प्रतिस्पर्ध्यांसमोर उभा राहून मांड्या थोपटत, डोळे वटारत आणि जिभा बाहेर काढत जो माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचा, आवेश दाखवतो, त्याला हाका म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध हाका ‘का माते’ ही ‘ते राऊपराहा’ नावाच्या माओरी सरदाराने 1820 च्या सुमारास रचली, असे मानले जाते. तिची जन्मकथा आपल्या आख्यानांत शोभेल अशी आहे. शत्रू मागावर असताना या सरदाराने रताळी साठवण्याच्या पेवात उडी घेतली, एक स्त्री त्या पेवाच्या तोंडावर बसली, शत्रू निघून गेला आणि सरदार मरणातून वाचून उजेडात आला. पेवाचा खड्डा, त्यातून लिफ्टने वर येणारा सरदार आणि चार रताळी, एवढ्यावर हा प्रवेश भागतो. लिफ्टची यंत्रणा मागच्या एका वर्षीच्या भक्त प्रल्हादाच्या देखाव्यातील खांबातून निघणाऱ्या नरसिंहासाठी केली होती, ती गोदामात तशीच आहे. जीभही तयार आहे.

त्यानंतर 1905 चा संघ. इंग्लंडच्या दौऱ्यावरील पहिल्याच सामन्यात या अनोळखी पाहुण्यांनी डेव्हन परगण्याच्या संघाला 55–4 असे हरवले, तेव्हा आकडे उलटे आले असावेत अशा समजुतीने काही वर्तमानपत्रांनी विजय डेव्हनच्या नावावर छापला, असे सांगतात. संपूर्ण दौऱ्यात त्यांनी 35 सामने खेळून 976 गुण केले आणि 59 दिले. हरले ते एकच, कार्डिफला वेल्सविरुद्ध, 3–0 असे. त्यातही बॉब डीन्स या खेळाडूने रेषेपलीकडे चेंडू टेकवला होता आणि वेल्सच्या गड्यांनी त्याला मागे ओढले, असा न्यूझीलंडचा दावा आहे. पंच त्या दिवशी रोजच्या कपड्यांत आणि साध्या बुटांत धावत होते, ते मागे पडले आणि पोहोचले तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता. डीन्स 1908 साली, ऐन चोविशीत वारले. आपण ट्राय केला होता, हे म्हणणे त्यांनी कधी सोडले नाही. येथे डीन्सची आकृती रुळावर पुढे जावी, मागे ओढली जावी, पुन्हा पुढे जावी, आणि निवेदकाने निकाल सांगू नये. गिरणगावाला जुने वाद मिटवण्याची घाई कधीच नव्हती.

जॉर्ज नेपिया यांच्यापाशी मात्र हसणे थोडे आवरावे लागेल. 1924–25 च्या दौऱ्यावर गेलेल्या संघाने 32 सामने खेळून 32 जिंकले, म्हणून त्याला अजिंक्य म्हटले जाते. आणि त्या बत्तीसच्या बत्तीस सामन्यांत सगळ्यांच्या मागे शेवटचा पहारेकरी म्हणून नेपिया उभे होते. दौऱ्यावर निघाले तेव्हा वय वर्षे 19. विश्रांतीची पद्धत तेव्हा नसावी, किंवा त्यांना कुणी सांगितली नसावी. तरीही 1928 साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर त्यांना नेले नाही, कारण ते माओरी होते आणि तिकडच्या यजमानांना गोऱ्यांचाच संघ हवा होता. ज्या संघाने मैदानावर माओरींचा हाका मिरवला, त्याच्या मंडळाने माओरींनाच घरी ठेवले आणि पुढे 1949 व 1960 मध्येही तेच केले. देखाव्यात हे दाखवायचे असेल तर नेपियांची मूर्ती बंदरावर सामानासह उभी करावी आणि जहाज सुटताना दाखवावे. हा प्रवेश वगळून केवळ स्तुतीचा देखावा करायचा असेल, तर माझे नाव सूचक म्हणून लावू नये.

कॉलिन मीड्स यांच्याविषयी समितीने वेळ काढून वाचावे. किंग कंट्री नावाच्या डोंगराळ मुलखातील हा मेंढपाळ शेतकरी 1957 पासून 1971 पर्यंत ऑल ब्लॅक्सकडून 133 सामने खेळला आणि त्यांतले 55 कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय, सामने होते. सव्वासहा फुटांहून उंच असलेल्या या गड्याला सगळे पाईनट्री म्हणत. सरावासाठी व्यायामशाळा नव्हती; दोन्ही काखांत एकेक मेंढी धरून ते डोंगर चढत असत, अशी आख्यायिका आहे. मेंढ्यांचे म्हणणे कुणी नोंदवलेले नाही. 1970 साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर एका सामन्यात त्यांचा हात मोडला, तरी शिटी वाजेपर्यंत त्यांनी मैदान सोडले नाही, आणि त्याच मालिकेतील शेवटचे कसोटी सामने ते हाताला संरक्षक कवच बांधून खेळले. अंगठ्याला खिळा लागला म्हणून मांडव बांधण्याच्या कामातून दोन दिवस सुटी घेणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याचे नाव मी येथे घेत नाही. तो हे पत्र वाचणार आहे.

मीड्स हे काही निव्वळ सज्जन होते, असेही नव्हे. 1967 मध्ये स्कॉटलंडविरुद्ध पंचांनी त्यांना मैदानाबाहेर काढले होते, आणि त्यांच्या वाटेला गेलेल्या अनेकांना त्याचा पश्चात्ताप झाला होता. तरीही 1999 साली न्यूझीलंडने त्यांना शतकातील सर्वोत्तम खेळाडू ठरवले. 2017 मध्ये ‘ते कुईटी’ नावाच्या गावात त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याच्या अनावरणाला ते स्वतः हजर होते आणि दोन महिन्यांतच वारले. आपल्याकडे पुतळ्याच्या जागेवरून जितकी वर्षे जातात, ती पाहता हयातीत स्वतःचा पुतळा पाहून जाणे हा विक्रम मला त्यांच्या सामन्यांच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

मीड्सच्या शेजारी एक चौथरा रिकामा ठेवावा. तो कीथ मर्डॉक यांचा. 1972 च्या डिसेंबरात कार्डिफला वेल्सविरुद्ध न्यूझीलंडचा एकमेव ट्राय त्यांनी केला, संघ जिंकला आणि त्याच रात्री हॉटेलातल्या सुरक्षारक्षकाला मारल्यावरून त्यांची दौऱ्यावरून घरी रवानगी झाली. घरी ते पोहोचलेच नाहीत. वाटेतच उतरून त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागाची वाट धरली, आणि पत्रकार मागावर येताच पुन्हा दिसेनासे होत त्यांनी उरलेले बहुतेक आयुष्य तिकडेच काढले. चौथऱ्यावर नावाची पाटी असावी, मूर्ती नसावी. खर्चही वाचेल.

यानंतरचा प्रवेश वेन शेल्फर्ड यांचा, आणि त्याविषयी मी समितीशी समोरासमोर बोलणे अधिक उचित ठरले असते. त्यांना सगळे बक म्हणून ओळखतात. 1986 च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नांत येथे झालेल्या सामन्यात खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली सापडलेल्या शेल्फर्ड यांना एका फ्रेंच खेळाडूच्या बुटाचा असा काही फटका बसला की त्यांचा वृषणकोश फाटला. त्यांनी काय करावे? मैदानाच्या कडेला जाऊन ती जागा शिवून घेतली, आणि परत येऊन ते खेळू लागले. त्याच सामन्यात त्यांचे काही दातही गेले होते. पुढे डोक्याला मार बसून शुद्ध हरपू लागल्यावर मात्र त्यांना बाहेर यावे लागले. सामना 16–3 असा फ्रान्सने जिंकला, हे सांगितल्यावर ऐकणारा माणूस हमखास विचारतो की मग एवढे सगळे कशासाठी? माझ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही आणि शेल्फर्ड यांच्याकडेही नसावे, कारण त्या सामन्यातले आपल्याला फारसे काही आठवत नाही, असे ते सांगतात.

सात वाजताच्या आरतीनंतर पुढच्या रांगेत ज्येष्ठ महिला आणि लहान मुले बसतात, याची मला जाणीव आहे. म्हणून असे सुचवतो की, हा प्रवेश पांढऱ्या पडद्याआड सावल्यांनी दाखवावा. पडद्यावर डॉक्टरांचा हात, सुई आणि लांबलचक दोरा एवढेच दिसावे, आणि निवेदकाने ‘अवघड जागी गंभीर दुखापत होऊनही’ एवढेच म्हणून पुढे सरकावे. ज्यांना समजायचे त्यांना समजेल. ज्यांना समजणार नाही, त्यांना घरी गेल्यावर कुणीतरी सांगेलच.

शेल्फर्ड यांचे खरे काम मात्र वेगळेच आहे आणि ते निवेदनात अवश्य यावे. हाकाच्या 1987 पूर्वीच्या जुन्या चित्रफिती पाहाव्यात : आरतीत फक्त शेवटच्या ओळीला आवाज चढवणाऱ्या आपल्या मागच्या रांगेसारखे बरेचसे खेळाडू एकमेकांकडे पाहत कसेबसे हात हलवताना दिसतात. करायचा तर नीट करा, नाहीतर करूच नका, अशी शेल्फर्ड यांची भूमिका होती. संघाला माओरी शाळेत नेऊन हाकाचे शब्द, अर्थ आणि पावले शिकवण्यात त्यांचा पुढाकार होता. आज जो हाका पाहून अंगावर काटा येतो, तो त्या शिकवणीतून आलेला आहे. ते कर्णधार असताना संघ एकही कसोटी हरला नाही. तरी 1990 साली त्यांना वगळण्यात आले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे, खेळ कुठलाही असो, प्रेक्षकांत कुणीतरी ‘बकला परत आणा’ असा फलक धरून उभा असायचा. निवड समितीच्या निर्णयावर जनतेने इतका चिवट आणि इतका अहिंसक निषेध क्वचितच नोंदवला असेल.

जोना लोमू यांच्यासाठी आपल्याकडे भीम तयार आहे. बकासुरवधाच्या देखाव्यातील तो भीम गोदामात मोटरसह उभा आहे. गदा काढून हातात चेंडू द्यावा, मिशा उतरवाव्यात, भुवईत एक चीर पाडावी आणि पाठीवर 11 आकडा रंगवावा. लोमू यांची उंची 1.96 मीटर आणि वजन 120 किलोंच्या आसपास. पण इतक्या देहाचा माणूस संघातल्या सर्वांत चपळ गड्याच्या जागी, अगदी कडेला खेळायचा, हाच प्रतिस्पर्ध्यांवरचा अन्याय होता. 1995 च्या विश्वचषकात, 18 जूनला केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना झाला, तेव्हा लोमू वीस वर्षांचे होते. सामना सुरू होऊन काही मिनिटेही झाली नव्हती तोच चेंडू त्यांच्या हाती आला. पहिल्याला त्यांनी हाताने बाजूला सारले, दुसऱ्याच्या हाताचा पायाला निसटता स्पर्श झाल्याने ते किंचित अडखळले, आणि समोर उरलेल्या माईक कॅट यांना वळसा घालण्यात वेळ न दवडता ते त्यांच्या अंगावरून चालत गेले. त्या दिवशी लोमूंनी चार ट्राय केले आणि न्यूझीलंड 45–29 असे जिंकले.

या प्रवेशात कॅट यांच्या मूर्तीची विशेष काळजी घ्यावी लागेल, कारण ती दर तीन मिनिटांनी उताणी पडून पुन्हा उभी राहायची आहे, आणि आपल्या गेल्या वर्षीच्या यंत्रणेचा अनुभव असा की पडणे जमते, उठणे जमत नाही. कॅट स्वतः उठले, हे निवेदनात सांगणे न्यायाचे होईल : 2003 मध्ये विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंड संघात ते होते. लोमूंना मात्र विश्वचषक कधीच मिळाला नाही. 1995 चा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेने जादा वेळेत 15–12 असा जिंकला आणि कर्णधाराच्या 6 क्रमांकाची जर्सी घालून आलेल्या नेल्सन मंडेलांनी करंडक दिला. त्या सामन्याच्या आधी न्यूझीलंडच्या बहुतेक खेळाडूंची पोटे बिघडली होती. सुझी नावाच्या एका वाढपिणीने काहीतरी घातल्याची वदंता त्यांच्या गोटातून उठली, पण ती सुझी आजवर कुणाला सापडलेली नाही. (महाप्रसाद समितीने याची वेगळी नोंद घ्यावी.) गंमत अशी की, सगळ्या जगाला तुडवत गेलेल्या लोमूंना दक्षिण आफ्रिकेविरुद्ध संपूर्ण कारकिर्दीत एकही कसोटी ट्राय करता आला नाही.

त्यांना मूत्रपिंडाचा दुर्धर विकार होता, आणि तो कळल्यानंतरही ते 1999 च्या विश्वचषकात आठ ट्राय करून गेले. 2004 मध्ये एका मित्राने दिलेल्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले, त्यानंतरही ते पुन्हा मैदानावर उतरले, आणि 2015 च्या नोव्हेंबरात चाळिसाव्या वर्षी वारले. केईएम आणि टाटा यांच्या सावलीत राहणाऱ्या आपल्या वस्तीला अशा आजारांविषयी देखाव्यातून सांगण्याची गरज नाही. येथे मोटर बंद असावी.

रिची मकॉ आणि डॅन कार्टर यांच्यावर मी फार जागा खर्च करणार नाही. यशस्वी माणसांचे फलक या शहरात पुष्कळ आहेत. मकॉ 148 कसोटी खेळले, त्यांतल्या 110 मध्ये कर्णधार होते आणि त्यांनी लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले. 2011 च्या विश्वचषकात ते पायाचे हाड मोडलेले असताना खेळले, आणि हाड मोडल्याचे कागदोपत्री सिद्ध होऊ नये म्हणून त्यांनी एक्स-रे काढणेच टाळले. ही युक्ती आमच्या चाळीच्या दुरुस्तीबाबत अनेक वर्षे यशस्वीपणे वापरली जात आहे. इतर देशांच्या प्रेक्षकांचे त्यांच्याविषयी एकच मत होते, की हा माणूस कायम ऑफसाइड असतो आणि पंचांनाच तेवढा दिसत नाही. त्यांची मूर्ती आखलेल्या रेषेच्या चुकीच्या बाजूला वीतभर सरकवून ठेवावी आणि पंचाचे तोंड दुसरीकडे असावे. कार्टर यांनी 1598 कसोटी गुण केले. आयुष्यभर डाव्या पायाने चेंडू मारणाऱ्या या गृहस्थांनी 2015 च्या अंतिम सामन्यातली शेवटची किक उजव्या पायाने मारून दाखवली, एवढाच त्यांचा थिल्लरपणा माझ्या माहितीत आहे.

आता मुख्य मुद्दा. मध्यभागी, गणरायाच्या अगदी पुढ्यात, कुणाला उभे करायचे? समितीतले सगळे लोमू म्हणतील. माझे म्हणणे स्टीफन डोनाल्ड असे आहे, आणि हे पत्र खरे तर त्यांच्यासाठीच लिहिले आहे.

2010 मध्ये हाँगकाँगला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना शेवटच्या क्षणी हातचा गेला. डोनाल्ड यांची किक मैदानाबाहेर जायला हवी होती, ती गेली नाही, आणि त्याच धावपळीतून ऑस्ट्रेलियाने ट्राय करून सामना 26–24 असा खेचला. त्या दिवसापासून देशातल्या प्रत्येक टपरीवर त्यांच्या नावाने बोटे मोडली जाऊ लागली. 2011 चा विश्वचषक न्यूझीलंडमध्येच होता आणि संघात त्यांना जागा नव्हती. 1987 नंतर चोवीस वर्षे करंडक मिळालेला नव्हता. सगळी मदार कार्टरवर होती. कार्टर सरावात किक मारताना जायबंदी झाले. त्यांच्या जागी आलेले कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात जायबंदी झाले. मग ॲरन क्रुडेन आले. राखीव म्हणून आणखी एक गडी हवा होता, तेव्हा डोनाल्ड यांची शोधाशोध सुरू झाली. ते वायकाटो नदीवर जाळे लावून व्हाइटबेट नावाचे इवलेसे मासे धरत होते. हे मासे अंड्यात घोळवून तळतात आणि ते चांगले लागत असावेत, कारण प्रशिक्षकांचा फोन वाजत होता तरी डोनाल्ड यांनी तो सुरुवातीला घेतला नाही.

ईडन पार्कवर फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना सुरू झाला आणि पूर्वार्धातच क्रुडेन यांचा गुडघा गेला. चौथ्या पसंतीचे डोनाल्ड मैदानावर धावत आले, तेव्हा त्यांच्या अंगातली जर्सी इतकी तोकडी होती की हात वर केला की पोट उघडे पडत होते आणि सगळा देश एका हाताने ते पोट आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे झाकू पाहत होता. त्या दिवशी संघाचा नेहमीचा किक मारणारा पुन्हा पुन्हा चुकत होता. उत्तरार्धाच्या सुरुवातीस पेनल्टी मिळाली, चेंडू डोनाल्ड यांच्यापुढे ठेवला गेला, त्यांनी तो मारला आणि तो खांबांच्या मधून गेला. तीन गुण. थोड्याच वेळात फ्रान्सने ट्राय करून सात गुण मिळवले. सामना 8–7 असा संपला. ते तीन गुण काढून पाहिले म्हणजे विश्वचषक कुठल्या विमानात बसला असता हे समजते.

दिग्विजयी वीर पुष्कळ असतात, त्यांना कुणीही मांडवात बसवेल. पण जाळे नदीत टाकून, फोन बाजूला ठेवून, सगळ्या गावाच्या शिव्या खाऊन बसलेला माणूस बोलावणे येताच उठतो आणि अंगात न मावणारी जर्सी चढवून कामाला लागतो, हे ज्या मंडळाचा ढोल विसर्जनाच्या रात्री नेहमी ऐनवेळी बोलावलेल्या माणसाच्या गळ्यात असतो, त्या मंडळाने तरी ओळखले पाहिजे. डोनाल्ड यांच्या मूर्तीला आमच्याच एखाद्या कार्यकर्त्याचा टी-शर्ट घालावा, दोन मापे लहान. नदीसाठी निळा प्लास्टिकचा कागद आणि पाण्याचा पंप पुरेल. माशांचे काम भोईवाड्यातील मंडळी आनंदाने अंगावर घेतील.

महिला समितीने विचारले आहे की, यात बायका कुठे आहेत. प्रश्न रास्त आहे. न्यूझीलंडच्या महिला संघाला ब्लॅक फर्न्स म्हणतात आणि त्यांनी सहा विश्वचषक जिंकले आहेत, म्हणजे पुरुषांपेक्षा दुप्पट. 2022 चा अंतिम सामना त्यांनी त्याच ईडन पार्कवर जिंकला, लागोपाठ तीस सामने जिंकून आलेल्या इंग्लंडला 34–31 असे हरवून. त्यांच्यासाठी प्रवेशद्वाराची संपूर्ण कमान राखून ठेवावी, असा माझा प्रस्ताव आहे. आणि त्यांचा हाका आपल्या महिला मंडळाच्या लेझीम पथकाने बसवावा. फक्त तो नीट शिकून, अर्थ समजून घेऊन बसवावा, ही शेल्फर्ड यांची अट आपणही पाळू.

खर्चाचा तपशील वेगळ्या कागदावर खजिनदारांकडे दिला आहे. थर्माकोलवर 2018 पासून राज्यात बंदी असल्याने सर्व मूर्ती कागदाच्या लगद्याच्या धरल्या आहेत. हाकाचा आवाज रात्री दहाला बंद होईल. त्यानंतर मूर्ती नुसत्याच जिभा काढून उभ्या राहतील, त्याला पोलिसांची हरकत नसावी. हा विषय येत्या रविवारच्या बैठकीत ‘इतर किरकोळ’ मधून काढून मुख्य विषयपत्रिकेवर, शक्यतो चहाच्या आधी, घ्यावा अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
मंडळाचा एक जुना वर्गणीदार

ता. क. : मीड्स यांच्या दोन मेंढ्यांसाठी लागणारा कापूस नाक्यावरचे गादीवाले विनामूल्य द्यायला तयार आहेत. मात्र डाव्या काखेतल्या मेंढीवर त्यांच्या दुकानाचे नाव आणि फोन नंबर रंगवावा, अशी त्यांची अट आहे. उजवी मेंढी अद्याप मोकळी आहे; इच्छुक जाहिरातदारांनी खजिनदारांशी बोलावे.